सोनाबाईचं डबकं

मोहर्ली, मंगळवार, संध्याकाळ

टीव्हीवर आज पुन्हा आमच्या जंगलावरचा तो कार्यक्रम लागला. मी, त्यांची सुमन गाईड, टीव्हीत दिसते म्हणून शेजारच्या बाया खूश. मी फक्त वाघिणीचं ते पिल्लू बघत होते. एक पंजा पाण्यात टाकून गाढ झोपलेलं.

शूटिंगच्या वेळी त्यांनी विचारलं, ही जागा कोणती? नकाशात त्या पाणवठ्याला नुसता नंबर आहे. मी मात्र तोऱ्यात सांगितलं, "हे सोनाबाईचं डबकं." सोनाबाई माझी आत्या, तिथं मोहफुलं वेचायची. ते नाव आम्ही गाईड लोकच आपसात घेतो. चॅनेलवाल्यांनी ते नाव कापायचं ना! एवढे शिकलेले लोक. पण मी तरी काऊन बोलले? आत्याचं नाव टीव्हीत यावं म्हणून?

त्यानंतर जिप्सीत बसणारा जो तो म्हणायचा, सोनाबाईचं डबकं दाखवा. तिथं गाड्यांची रांग लागू लागली. वाघीण पिल्लांना घेऊन शेतांकडे सरकली. मागच्या आठवड्यात, रानडुकरांसाठी लावलेल्या करंटच्या तारेपाशी ते पिल्लू मरून पडलेलं सापडलं. एक पंजा तसाच पुढे टाकलेला. बघायला जायलाच नको होतं मी.

आज कार्यक्रमाच्या शेवटी 'वाघ वाचवा' अशी मोठी अक्षरं आली. बाया उठून गेल्या. वनमजूर यादवभाऊ तेवढे दारात थांबले. चप्पल घालता घालता म्हणाले, "सुमन, त्याले तू नाई मारलं वं."

मी तर त्यांना काही विचारलंच नव्हतं.