बीमिसची तळटीप

१ जानेवारी २००४

यंदा संकल्प एकच. हार्लन बीमिसला इतिहासातून हाकलणे.

शस्त्र ठरलं आहे: पुस्तक. 'न्यूयॉर्कच्या दक्षिण पट्ट्यातील इंग्रजी स्पोर्ट्स गाड्यांचे विक्रेते, १९४८ ते १९८०'. कॉर्निंगपासून बिंगहॅम्टनपर्यंत ज्याने म्हणून एखादी एमजी किंवा ट्रायम्फ विकली, तो आत. पेट्रोलपंपवालासुद्धा आत. फक्त बीमिस बाहेर. एल्मायरात त्याचं शोरूम सगळ्यांत मोठं होतं, तरी बाहेर. लोक विचारतील, बीमिस कुठाय? मी म्हणेन, कोण बीमिस?

बायकोला सांगितलं. वर्ना म्हणाली, चव्वेचाळीस वर्षं झाली रे त्याला, ऑरिन. मी म्हटलं, वैर मुरावं लागतं.

रोज दोन पानं लिहिणार. उद्यापासून.

४ जानेवारी

आजपासून.

कारण विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. जानेवारी १९६०, शुक्रवार. मी बीमिसकडे सेल्समन. ऐन तारुण्य त्या शोरूममध्ये घातलं. त्याने ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि म्हणाला, ऑरिन, पोरा, गिऱ्हाईक गाडी बघायला येतं आणि तू त्याला कारखान्याचा इतिहास सांगतोस. गाड्या विकणं तुझं काम नाही. मग पगाराचं पाकीट दिलं आणि वर एक आख्खा हॅम, डुकराची खारवलेली मांडी. नोकरीवरून काढलेल्या माणसाला हॅम! मी बसने घरी आलो, हॅम मांडीवर घेऊन.

नंतर जन्मभर काउंटीच्या रस्ते खात्यात खड्ड्यांचे अर्ज वाचले. जबाबदार कोण? बीमिस.

११ फेब्रुवारी

मोहीम सुरू. कॉर्निंग. सॅल टेडेस्को, वय चौऱ्याऐंशी, त्याचा पेट्रोलपंप होता. १९५१ साली टायरांची चळत आणि सोड्याचा फ्रिज यांच्या मधे एक एमजी उभी करून विकली. पहिलं गिऱ्हाईक दंतवैद्य. सोन्यासारखी माहिती.

विचारलं, गाडी आणलीस कुठून? म्हणाला, बीमिसने दिली. एक पैसा आधी घेतला नाही. विकली गेली तर दे म्हणाला.

वहीत लिहिलं: 'एल्मायरातील एका सूत्राकडून'.

टेडेस्को मग उगाचच १९६० वर घसरला. डेट्रॉइटच्या छोट्या गाड्या आल्या, इंग्रजी गाड्यांना कुणी विचारेना, बंदरावर उभ्या उभ्या गंजल्या. बीमिसकडे पाच सेल्समन होते, पाचही गेले. तुला शेवटी काढला त्याने, म्हणाला. तुझ्यासाठी घर गहाण टाकायला निघाला होता, बायको आडवी आली.

सगळ्यांत शेवटी! म्हणजे काढून टाकायलासुद्धा मी त्याला पाचव्या नंबरावर आठवलो. हा अपमान आजवर माहीत नव्हता. पुस्तकाचा फायदा दिसायला लागला.

२० मार्च

हॉर्सहेड्स. स्टॅन वोज्निक. ट्रॅक्टरचा विक्रेता. नांगरांच्या रांगेत दोन ट्रायम्फ ठेवायचा. शेतकरी बियाणं न्यायला यायचे आणि त्यांची पोरं गाडीत बसून राहायची. एकाने तर कापणीच्या पैशांत गाडी घेतली आणि बापाने त्याला अंगणातच धुतला.

विचारलं, नांगरवाल्या तुला त्या नाजूक इंजिनाला हात लावायला शिकवलं कुणी? स्टॅन म्हणाला, अरे, बीमिसने. दर रविवारी चर्च झालं की यायचा, कोपरापर्यंत ग्रीस. आईच्या हातची पिरोगी, आमची पोलिश करंजी, खायचा आणि जायचा.

पुन्हा 'एल्मायरातील सूत्र'.

२ एप्रिल

मजकूर वर्नाने वाचला. म्हणाली, सूत्र तेवीस वेळा आलंय. वाचणाऱ्याला वाटेल, एल्मायरात रशियन हेर राहात होता.

विचार केला. ठीक. बीमिसला तळटीप देतो. एक ओळ, बारीक टाइप. भिंगाशिवाय दिसता कामा नये. अनुल्लेखापेक्षा हे जास्त झोंबेल.

१९ एप्रिल, सकाळी ११.२०

काउंटी कचेरीचं तळघर. सापडला! सापडला चोर! डिसेंबर १९५९चे बीमिसचे विक्रीचे कागद. पाच गाड्या. इंजिनाच्या नंबरावरून स्पष्ट दिसतंय, कारखान्यातून निघाल्या १९५८ला. कागदावर साल घातलंय १९५९! वर्षभर पडून राहिलेला माल ताजा म्हणून गळ्यात मारला. आता तळटीप नाही, स्वतंत्र प्रकरण. शीर्षक: 'बीमिस नावाचा भामटा'.

११.४०

कारकून बाई म्हणाल्या, त्यात काय, तेव्हा सगळेच असं करायचे. गाडी विकली जाईल ते तिचं साल, असाच रिवाज होता. मी म्हटलं, बाई, रिवाज म्हणजे पुण्य नव्हे. या कागदांवर साल टाइप करणाऱ्या हाताला लाज वाटायला हवी होती.

११.४५

कागदांच्या तळाशी टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. ओ. डी.

बीमिसकडे ओ. डी. कोण होतं?

११.५०

ऑरिन डेकर.

११.५५

कागद परत फाइलमध्ये. इतिहासकाराने क्षुल्लक तपशिलात अडकू नये. प्रकरण रद्द, तळटीप कायम.

३ जुलै

तळटीप नऊ पानांची झाली. काळजीचं कारण नाही. ज्याला गाडायचा तो माणूस किती उंच, हे आधी मोजावं लागतं.

उदाहरणार्थ: ५४ साली वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीच्या दिवशी बीमिसने शोरूम बंद ठेवलं आणि आठ गिऱ्हाइकांच्या बंद पडलेल्या गाड्या पावसात रस्त्यावर दुरुस्त केल्या. ही माहिती घातली, कारण त्यावरून त्याला धंद्याचं काडीचं ज्ञान नव्हतं हे सिद्ध होतं.

वर्नाने विचारलं, त्या पावसाचं एवढं सुंदर वर्णन कशाला केलंस? मी म्हटलं, तटस्थ लेखनात पाऊसही येतो. ती म्हणाली, स्वतः कधी इंग्रजी गाडी घेतली नाहीस, जन्मभर अमेरिकन ब्यूइक चालवलीस. मी म्हटलं, अभ्यासकाने अलिप्त राहावं. ती हसली. का, ते कळलं नाही.

१७ ऑगस्ट

बीमिसच्या मुलीचा फोन. जॉइस. म्हणाली, मिस्टर डेकर, तुम्ही पुस्तक लिहिताय असं कानावर आलं. बाबांची एक ट्रंक आहे, वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीत, फोटो नि पत्रं. हवी का तुम्हाला?

शत्रूने स्वतः दारूगोळा पाठवला. गेलो. वृद्धाश्रमात बीमिस खिडकीशी खुर्चीत झोपला होता. एक्क्याण्णव वर्षांचा. हात अजून तेवढेच मोठे. मी वीस मिनिटं उभा राहिलो. जागा झाला नाही. मला बघून मुद्दाम झोपला असणार, जुनी खोड. जाताना त्याच्या गुडघ्यावरचं पांघरूण घसरलं होतं ते सारखं केलं. समोरासमोर हरवायचं तर माणूस धडधाकट हवा, न्यूमोनियाने गेला तर माझी मेहनत वाया.

३० सप्टेंबर

ट्रंकेमुळे तळटीप एकतीस पानं. बाकीचं पुस्तक अठ्ठावीस. छापखान्यातला मुलगा म्हणाला, तळटीप वर घेऊ या का? मी म्हटलं, खबरदार! तो खालीच राहिला पाहिजे. पानावर दोन ओळी टेडेस्को आणि त्याखाली रेघ मारून सगळा बीमिस, असं दिसतंय. पण रेघ आहे. रेघ महत्त्वाची.

२ नोव्हेंबर

प्रती बारा तारखेला मिळणार. बेत पक्का: पहिली प्रत स्वतः नेऊन त्याच्या मांडीवर ठेवायची. बोट ठेवून दाखवायचं, इथे, रेघेच्या खाली. तोंड बघायचं आणि एक शब्द न बोलता निघून यायचं. आरशासमोर तीनदा सराव केला. तिसऱ्यांदा चांगलं जमलं, पण निघून येताना वॉर्डरोबला धडकलो.

९ नोव्हेंबर

बीमिस मेला.

तीन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? एक्क्याण्णव वर्षं थांबला ना! आजवर त्याने माझ्याशी जे जे केलं, त्यात हे सर्वांत नीच. जेवलो नाही. वर्नाने बशी झाकून ठेवली आणि काही टोमणा मारला नाही, त्याचाही राग आला.

१० नोव्हेंबर

जॉइसचा फोन. रडत होती. म्हणाली, छापखान्यातल्या मुलाने मला मजकूर दाखवला, रागावू नका. बाबांच्या दुकानाबद्दल एवढं आम्हालाही ठाऊक नव्हतं. अंत्यविधीला तुम्ही वाचाल का? सगळं नको, तुम्हाला वाटेल तेवढं.

हो म्हटलं. तिला काय कल्पना! सगळं गाव जमलेलं, तो पुढ्यात पेटीत आडवा, उत्तर देण्याची सोय नाही, आणि बोलणारा मी. अशी संधी देव शंभर वर्षांत एकदा देतो. आज रात्री मजकुरातल्या विखारी जागांवर लाल खुणा करणार.

११ नोव्हेंबर

लाल पेन घेऊन एकतीस पानं दोनदा वाचली. खूण करण्याजोगी जागा सापडली नाही. पेनात शाई कमी असावी.

१३ नोव्हेंबर

वाचलं.

विखार आयत्या वेळी आवाजातून आणायचा असं ठरवलं होतं. पेट्रोलपंपावरची एमजी वाचली, नांगरांच्या रांगेतल्या ट्रायम्फ वाचल्या, ग्लेनचा पाऊस वाचला. टेडेस्को पहिल्या रांगेत मान हलवत होता. स्टॅन हमसून रडला. मी जानेवारी १९६० पर्यंत आलो. तिथे लिहिलं होतं, 'त्या हिवाळ्यात त्यांनी पाच सेल्समन गमावले.' गमावले. काढले नाही, गमावले. हा शब्द मी कधी लिहिला ते आठवेना. पुढची ओळ दिसेना. वर्ना उठून आली, माझ्या हातातून कागद घेतले आणि उरलेलं तिने वाचलं. मी शेजारी उभा राहून नाक पुसत होतो.

मागून चर्चच्या तळघरात जेवण होतं. बटाटे, ॲपल पाय, कॉफी. काठी टेकत एक म्हातारी आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, तुम्ही हार्लनचे थोरले ना?

मी म्हटलं, नाही हो. त्यांच्याकडे नोकरीला होतो.

म्हणाली, अगंबाई! किती वर्षं?

अकरा महिने.