जुन्या यंत्रावरचं शेवटचं घर

प्रिय भुंग्या,

काल मी तुझ्या वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन परत गेले. तू नर्सबाईंना सांगितलंस, "ताईला म्हणावं, मी झोपलोय." अरे, झोपलेला माणूस निरोप देतो का कधी? शिवाय पांघरुणाबाहेर तुझ्या पायाचा अंगठा हलत होता. तो हलायला लागला की स्वारीच्या नाकावर राग बसलाय हे मला तू पाळण्यात होतास तेव्हापासून कळतं. मी वळले तशी तू आवाज चढवलास, "आणि त्या पोरीला सांगा, टेस्ट मिळाली, धन्यवाद!" बाहेर ऐकू जावं म्हणूनच चढवलास. गेलं ऐकू.

रागवायचा हक्क तुझाच आहे, मी काढून घेत नाही. माणूस जमिनीवर पडलाय, कमरेचं हाड मोडलंय, गळ्यातलं बटण दाबतोय, आणि भिंतीवरच्या पेटीतून उत्तर काय येतं, तर "काका, टेस्ट मिळाली, धन्यवाद!" वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. पण तुला तारेच्या तुझ्याकडच्या टोकाला काय झालं तेवढंच माहीत आहे. आमच्या टोकाला काय झालं ते मी लिहिते. तोंडी सांगायला बसले तर तू मधेच तोडशील. कागदाला तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. तेवढं शेवटपर्यंत वाचून मग फाड.

लिहितेय आपल्या कंट्रोल रूममध्ये बसून, कानाला हेडफोन लावून. माझा डावा कान आता नावापुरताच उरलाय हे तुला ठाऊक आहे. तरीही मी का बसलेय ते पुढे येईलच.

आपल्या भांडणाचं मूळ हा नवा रिसीव्हर. बाबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आपण दोघं कथील वितळवून तारांना डाख लावायला शिकलो. शाळेपेक्षा ते शिक्षण जास्त पुरलं आपल्याला. त्याच हातांनी तू जुना रिसीव्हर उभा केलास. गावभर घराघरांत, दुकानांत बसवलेल्या पेट्या संकट आलं की या एका यंत्राला हाक मारणार, ते टर्र करून कागदाच्या पट्टीवर छापणार, आणि आपण धावाधाव करणार. इतकी वर्षं त्यानं कधी दगा दिला नाही. पण टेलिफोनवाल्यांनी जुन्या लाइनी बंद करायचं ठरवलं, त्याला मी काय करू? ज्या नळाला पाणीच येणार नाही, त्याची तोटी कितीही चांगली असली तरी काय उपयोग? तू मात्र हटून बसलास. "त्या खोक्याला डोळे आहेत, कान नाहीत" म्हणालास, कंट्रोल रूमची किल्ली टेबलावर आपटलीस आणि घरी जाऊन बसलास. वर ताकीद, "माझ्या घराला ते खोकं लावायचं नाही." आमचा वायरमन तुझ्या दारातून परत आला. बिचारा म्हणाला, "ताई, दार उघडलं नाही, पण आतून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस झाली."

म्हणजे आपल्या यादीतली सगळी घरं नव्या यंत्रावर जाणार, आणि जुन्यावर एकच उरणार. तुझं.

यंत्र बदलायचा दिवस सकाळपासून अंगावर आला होता. दोन्ही रिसीव्हर शेजारी शेजारी मांडलेले, जुना गुरगुरतोय, नवा नुसता पिकपिक करत पडद्यावर अक्षरं उमटवतोय. त्या दिवशी सगळ्यांना टेस्टवर टाकलं होतं, म्हणजे बटण दाबलं तरी अँब्युलन्स किंवा पोलीस पाठवायचे नाहीत, सिग्नल नीट पोचला का एवढंच बघायचं. एकेकाला फोन करून बटण दाबायला सांगायचं आणि पेटीतूनच "मिळाली" असं कळवायचं. हे सगळं ससुलीकडे होतं. हे नाव तूच ठेवलंस तिला. पहिल्या दिवशी ती टर्र ऐकून खुर्चीत ताठ झाली तेव्हा म्हणालास, "ही बघ, सशासारखे कान टवकारते, ही पोरगी टिकेल." हेडफोन कसा लावायचा इथपासून तिला सगळं तूच शिकवलंस.

दुपारपर्यंत माझा जीव टांगणीला होता. औषधाच्या दुकानानं आग लागल्याचं बटण दाबलं आणि नव्या पडद्यावर आलं, "मागचं दार उघडं." खरी आग लागली असती तर आम्ही तिथं चोर शोधायला माणूस धाडला असता! तुझी आठवण झाली, खोटं कशाला बोलू. तू असतास तर मला आधी चार शब्द सुनावले असतेस आणि मग चूक शोधून दिली असतीस. मी बोलणी न खाता शोधली, दोन खुणांची अदलाबदल झाली होती. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक दुकान, एकेक घर. ससुलीचा घसा बसला. "मिळाली, धन्यवाद. मिळाली, धन्यवाद." झोपेत उठवलं असतं तरी तिनं तेच म्हटलं असतं.

तुलाही तिनं सकाळी फोन केला होता, आठवतं? "काका, जुन्या लाइनवरून का होईना, एकदा दाबा. लाइन जिवंत आहे एवढं कळेल." तू "बघतो" म्हणालास आणि फोन आपटलास. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, काका दाबतील बघा. राग वरवरचा आहे." मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी ओतू नकोस.

मी मागच्या खोलीत बॅटऱ्या तपासत होते तेव्हा जुन्या यंत्रानं टर्र केलं. पाठोपाठ ससुलीची आरोळी, "ताई, काकांनी दाबलं! राग गेला!" तिच्या आवाजात इतका आनंद होता रे, की तिनं बोलायचा खटका दाबून तुला धन्यवाद दिले आणि ऐकायचा खटका लावायच्या आधीच लाइन बंद केली. चूक तिथे झाली. दिवसभराची सवय आणि वर आनंद. मी पण हसले. भाऊ विरघळला म्हणून बॅटऱ्यांच्या खोलीत एकटी उभी राहून हसले.

आणि मग पुन्हा टर्र.

बाहेर ससुली म्हणत होती, "अहो काका, मिळाली म्हटलं ना," आणि मी हातातली बॅटरी खाली ठेवली. भुंग्या, जो माणूस विनवण्या करूनही एकदा बटण दाबत नाही, तो आपणहून दोनदा दाबेल? मी तशीच बाहेर आले. म्हटलं, "लाइन उघड. ऐकायचा खटका लाव. आणि आता एक शब्द बोलू नकोस." पंखा बंद केला. नव्या खोक्याची पिकपिक चालू होती, तिच्यावर उशी दाबली. दोघी श्वास रोखून बसलो. बराच वेळ काही नाही. मग तिचा चेहरा सैल पडला. म्हणाली, "माणूस नाही कुणी, ताई. लाइनवर नुसती गुणगुण आहे. जुनं यंत्र ना."

मी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढून घेतला, उजव्या कानाला लावला.

तुला आठवत असेल नसेल, पण तू लहान असताना कौलांवरून पडलास आणि कोपर निखळलं. डॉक्टरांनी हात ओढून बसवला तेव्हा आई तोंड फिरवून रडत होती, आणि तू, एवढासा जीव, ओठ घट्ट मिटून नाकातून गुणगुणत होतास. एका सुरात, न थांबता. बाबा म्हणाले, "पोरगं आहे की भुंगा?" त्या दिवसापासून तू भुंग्या. दाढ काढतानाही तेच, आईला पोचवून आलो त्या संध्याकाळीही तेच. जगाला ते लाइनवरचं खरखरणं वाटेल. मला नाही वाटणार.

"हा माझा भाऊ आहे," एवढंच म्हणाले आणि निघाले. माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, पळाले चक्क. तुझ्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात होतीच. इतका भांडलास पण ती परत मागायचं तुला सुचलं नाही, की मागायची नव्हती? किल्लीनं कुलूप उघडलं, पण आतून साखळी! खालच्या शिंपीदादांनी पहार घालून ती तोडली. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडला होतास, शेजारी आडवं स्टूल आणि फुटलेली ट्यूब. या वयात स्टुलावर चढायची हौस! त्यावर मी नंतर निवांत बोलेन, सुटलास असं समजू नकोस.

पण तू गुणगुणत नव्हतास. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. आणि भिंतीवरच्या पेटीतून ससुली बोलत होती. "काका, गुणगुणा. थांबू नका. अँब्युलन्स निघालीय. ताई जिना चढत असतील. काका, मला सोल्डरिंग शिकवायचं राहिलंय तुमचं. काका, गुणगुणा ना." मी तुझ्या नाकाशी बोटं धरली आणि ओरडले, "श्वास आहे गं! श्वास आहे!" पेटीतून फक्त ठक्क असा आवाज आला, टेबलावर कपाळ टेकावं तसा.

तुझी गुणगुण कधी थांबली ते मला माहीत नाही, मी रस्त्यात होते. तुलाही माहीत नसणार, तुझी शुद्ध गेली होती. ते फक्त तिनं ऐकलं. एकटीनं, कानात प्राण आणून. ती थांबल्यावरही तिनं लाइन सोडली नाही. समोरून काही येत नसताना ती बोलत राहिली, मी आत पोचेपर्यंत. पहिल्या दोन हाकांना तिनं तुला ऐकलं नाही हे खरं. पण त्यानंतर तिच्याइतकं तुला कुणी ऐकलं नाही, मी सुद्धा नाही.

तुला वाटतंय की जुन्या यंत्रानं तुला वाचवलं. वाचवलं, मान्य. त्याला मी पुसूनबिसून कपाटावर ठेवलंय, भंगारात देणार नाही, आईशप्पथ. पण त्याचं टर्र ऐकूनही आम्ही दोघी हसत होतो, हेही लक्षात ठेव. खोकं जुनं असो की नवं, कान माणसालाच लागतो. दुसऱ्या दिवशी ससुलीनं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून नव्या रिसीव्हरला चिकटवलं, "घरचा माणूस स्वतःच्या तोंडानं टेस्ट म्हणेपर्यंत टेस्ट नाही." तेव्हापासून औषधाच्या दुकानदाराला सुद्धा ती तीनतीनदा विचारायची. तो वैतागून म्हणाला, "बाई, आता काय शपथेवर सांगू?"

आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला ते लिहिते. काल वॉर्डाच्या दारात मी एकटी नव्हते. मीच तिला ओढून आणलं होतं. यायला तयार नव्हती, "काका माझं तोंड बघणार नाहीत" म्हणत होती, आणि मी म्हटलं, माझा भाऊ तोंडाचा फटकळ आहे, मनाचा नाही. तू ते टेस्टचं बोललास तेव्हा ती माझ्या पाठीमागे उभी होती. तिचे कान तुला माहीत आहेत. कंट्रोल रूममध्ये आली, हेडफोन तुझ्या जुन्या यंत्रावर ठेवला आणि निघून गेली. आज सकाळी मी तिच्या दारात जाऊन आले. दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "ताई, मला आता प्रत्येक लाइनवर ती थांबलेली गुणगुण ऐकू येते. माझ्याकडून नाही होणार." तुम्ही दोघं एका माळेचे मणी, दार लावून बसण्यात पटाईत! माझं ती ऐकणार नाही, कारण ती गुणगुण मी नाही थांबवली आणि मी चालूही करू शकत नाही. तिचा नंबर तुला पाठ आहे. नर्सबाईंकडून फोन मागून घे. माफी दे म्हणत नाही, काही बोलही म्हणत नाही, तुला ते जमायचं नाही आणि ओढूनताणून बोलशील तर बिघडवशील. ती "हॅलो" म्हणेल, तेव्हा ओठ मिटून नुसतं गुणगुण. तिला कळेल.

तुझीच,
ताई