सुनंदाकडचे पाहुणे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
होमस्टेला महिना झाला. वरच्या मजल्याची खोली. चिरंजीव नवीनने पुण्यात बसून ॲपवर टाकून दिली, फोटोत मी जॅकेट घालून उभा. आजवर आलेली जोडपी तीन. तक्रार एकच, तीही आजची.

नागपूरच्या जोडप्याला मी सल्ला दिला की अजिंठ्याला सोमवारी जा, गर्दी नसते. गर्दी नव्हतीच. लेणी सोमवारी बंद असतात. एकतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो, अजिंठ्याच्या सहलीची सगळी पत्रं मी टाईप केली, पण वार सर लोक ठरवायचे. तेव्हा चूक माझी असं म्हणता येणार नाही. जोडपं टॅक्सीचे पैसे मागू लागलं. मी भरीत-भाकरी वाढली. त्यांनी भरीतही खाल्लं आणि पैसेही घेतले.

संकल्प: यापुढे सल्ला विचार करून.

५ नोव्हेंबर, बुधवार
गिरधर आला. माझी बायको सुनंदा, तिचा धाकटा भाऊ, विमा एजंट. आमच्या घरात विमा उतरवायचं कोणी शिल्लक नसल्यामुळे हल्ली येत नसे. सोमवारची हकिकत ऐकल्याबरोबर त्याने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, दाजी, याला प्रोफेशनल लायबिलिटी म्हणतात. तुमच्या चुकीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्याचं काही नुकसान झालं, कोणी पडलं-झडलं, तर खर्च कंपनी देते. डॉक्टर लोक घेतात, वकील घेतात.

डॉक्टर-वकील ऐकल्यावर मी पेन काढलं. फॉर्मवर 'व्यवसाय' पुढे 'होस्ट' लिहिलं. अक्षर फार सुंदर आलं.

एक अडचण आहे. इथे लिहून ठेवतो, ही वही कोणी वाचत नाही. पाहुणे पैसे देतात हे मी गल्लीत सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी गणपती मंडळात खानदेशी पाहुणचारावर माझं भाषण झालं. 'ज्या घरात पाहुण्याला बिल मिळतं ते घर नव्हे, लॉज!' हे वाक्य माझं. टाळ्या पडल्या. शेजारचे सुपडूआबा अजून ते वाक्य भेटेल त्याला ऐकवतात. आता त्याच तोंडाने काय सांगू? म्हणून वर येणारे सगळे सुनंदाकडचे पाहुणे आहेत. माझ्याकडचे सांगून चालत नाही, माझ्याकडचे गल्लीला पाठ आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार
सुनंदाची कटकट. बाहेरच्या जिन्याची वरची शेवटची पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा चार बोटं उंच आहे (वरच्या मजल्याला नंतर फरशी बसवली, त्याला मी काय करणार) आणि त्या बाजूला कठडा नाही. तिचं म्हणणं, एखादा पाहुणा पडेल.

समोर सरदारभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो टेप घेऊन आला, माप घेतलं, म्हणाला, भाऊ, दोन दिवसांचं काम आहे, आजच पाईप आणतो. मी म्हटलं, थांब जरा. घाईत घेतलेले निर्णय चुकतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पॉलिसी आली. लॅमिनेट करून घेतली. सरदारभाईला कठडा नको म्हणून सांगितलं. कोणी पडलं तर कंपनी आहे. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी कठडे लावावेत. सुनंदाला हे समजावून सांगितलं. ती पॉलिसीकडे बघून म्हणाली, हिला धरून उतरायचं का?

४ डिसेंबर, गुरुवार
रूपाताई आल्या. रत्नागिरीच्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, वय सदुसष्ट, एकट्याच. लेणी बघून स्केचेस करणार. कोणीतरी माझा नंबर दिला म्हणून ॲपवरून न येता थेट फोन केला. चार दिवसांचे पैसे रोख, आधीच. पावती दिली नाही. नवीनने रजिस्टर ठेवायला सांगितलंय, पण रजिस्टर टेबलावर दिसलं की कोणीतरी चाळणार.

बॅग उतरवतानाच मी हळूच सांगितलं की कोणी विचारलं तर सुनंदाची मावसबहीण म्हणा. त्या हसल्या. म्हणाल्या, मला सख्खी बहीण नाहीच, बरं झालं. दहा मिनिटांत समोरून नूरबी (सरदारभाईची बायको) आली, कोण आलंय म्हणून. मी सांगितलं. नूरबी म्हणाली, तरीच! नाक अगदी भाभीसारखं आहे.

६ डिसेंबर, शनिवार
रूपाताई कालपासून खूश. कळण्याची भाकरी दोन, ठेचा दोनदा. सुनंदा आणि त्या ओट्यावर वाटाणे सोलत बसलेल्या, सहा वाजेपर्यंत गप्पा. माझ्या जिन्याचं स्केच काढलं. चित्रात शेवटची पायरी उंच दिसते. चित्रकाराची नजर असते एकेकाची.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ११. दवाखान्यात
रूपाताई पडल्या. साडेसातला, चहाला खाली येताना. तीच पायरी. घोट्याचं हाड मोडलंय, प्लेट बसवावी लागणार. सरदारभाईने उचलून रिक्षात ठेवलं. मी पॉलिसी शोधत होतो.

त्यांच्याकडे मेडिक्लेम नाही. पुढच्या वर्षी बदामी-हंपी करायचं म्हणून साठवलेले पैसे तेवढे आहेत. मी त्यांच्या उशाशी उभं राहून सांगितलं, ताई, तुम्हाला एक रुपया पडू देणार नाही, मी इन्शुअर्ड आहे. शब्द दिला. नर्सनेही ऐकलं.

८ डिसेंबर, सोमवार
ऑपरेशन झालं. गिरधर फॉर्म घेऊन आला. पावती कुठाय? नाही. रजिस्टर? नाही. त्याने फॉर्म परत बॅगेत ठेवला. मग म्हणाला, दाजी, धुळ्याहून सर्व्हेअर येईल, आजूबाजूला चौकशी करेल. गल्लीने फक्त एवढं सांगितलं पाहिजे की बाई पैसे देऊन राहत होत्या.

सोपं आहे. आज संध्याकाळी गल्लीत सांगून टाकतो. चोरी तर केलेली नाही.

संध्याकाळी ६: आज सोमवार. मंगळवार बरा.

९ डिसेंबर, मंगळवार
सरदारभाईच्या दुकानात गेलो. घसा साफ केला. तेवढ्यात नूरबीने डबा आणून हातात दिला, पायाचं सूप, हाड लवकर जुळतं म्हणाली. तुमची साली ती आमची साली, म्हणाली. डबा हातात असताना कसं सांगणार? बाहेर आलो.

१० डिसेंबर, बुधवार
सुपडूआबांकडे गेलो. आबांनी मला बघताच ते लॉजचं वाक्य कोणाला तरी ऐकवलं. परत आलो.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रूपाताईंना डिस्चार्ज. बिल त्यांनीच भरलं, हंपीच्या पैशांतून. म्हणाल्या, तुमच्या कंपनीचे आले की द्या. सुनंदाने त्यांना खालच्या खोलीत ठेवलं आहे, माझ्या पलंगावर. मी हॉलमध्ये. पाठ दुखते. अशा पाठीने गल्लीत कबुली देणं बरोबर नाही. उद्या नक्की.

१४ डिसेंबर, रविवार
सुनंदाने विचारलं, सांगितलं का. मी म्हटलं, योग्य वेळ बघतोय.

१५ डिसेंबर, सोमवार
सर्व्हेअर आला. धुळ्याचा, तरुण, सभ्य, खांद्याला बॅग. पायरी मोजली. मग मला वाटलं आत बसून चहा घेईल, तर तो गल्लीत जाऊन उभा राहिला आणि विचारू लागला.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सरदारभाई म्हणाला, पैसे? जीवरामभाऊंच्या घरी? साहेब, त्या भाभीच्या मावसबहीण आहेत, मी स्वतः त्यांना उचललं. सुपडूआबा त्याच्याही पुढे गेले. म्हणाले, ती सुनंदानी बहीण शे, मी तिना लगीनमा जेवेल शे. (रूपाताईंचं लग्न झालेलं नाही.)

सर्व्हेअर माझ्याकडे वळला. काका, तुम्ही सांगा, या बाईंकडून पैसे घेतले होते का? सगळी गल्ली बघत होती. तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं. आणि मी म्हटलं, छे हो, पाहुण्यांकडून कोणी पैसे घेतं का?

त्याने लिहून घेतलं.

मग आत रूपाताईंना विचारलं. शेजारी नूरबी सूप घेऊन बसलेली. रूपाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली असती, नुसता डोळा मिटला असता, तरी त्या खरं बोलल्या असत्या. मी कॅलेंडरकडे पाहिलं. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, मी सुनंदाची बहीण.

हे लिहिताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या आहेत. सर्व्हेअरने असं चारचौघांत विचारायला नको होतं.

२४ डिसेंबर, बुधवार
पत्र आलं. जखमी व्यक्ती ही पैसे देऊन राहणारी पाहुणी नसून नातेवाईक असल्याने दावा नामंजूर. खाली माझंच वाक्य, अवतरणचिन्हांत. गिरधर माझ्याशी बोलला नाही, सुनंदाशी बोलून गेला.

२५ डिसेंबर, गुरुवार
रात्रभर विचार करून निष्कर्ष: दोष गल्लीचा. ज्या गोष्टीची माहिती नाही त्यावर ठामपणे बोलायची यांना काय गरज होती? संतापून सुपडूआबांच्या ओट्यावर गेलो. सरदारभाई आणि नूरबीही होते. म्हटलं, तुमच्या खोट्यामुळे माझा क्लेम गेला. त्या बाई पैसे देऊनच राहत होत्या! सगळेच देतात!

बोलून टाकलं एकदाचं. आता हे लोक काय म्हणतील म्हणून थांबलो. आबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बठ्ठासले माहीत व्हतं रे भो. तुले लाज वाटे म्हनीसन कोनी बोलनं नही. (बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.)

नूरबीने सांगितलं की दिवाळीतच तिचा भाचा आकिब याने माझा जॅकेटवाला फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवला होता, खाली भाडं लिहिलेलं. सरदारभाई म्हणाला, भाऊ, त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असता तर आम्हीही हो म्हणणार होतो. तुमच्या तोंडाकडे बघूनच तर बोललो. आम्हाला वाटलं, तुमची इज्जत जातेय.

मी घरी आलो. पाणी प्यालो. दोन ग्लास.

२७ डिसेंबर, शनिवार
एफडी मोडायची की नाही यावर दोन दिवस गेले. सकाळी चेक लिहिला, पूर्ण रकमेचा. सही तेवढी समोर करायची ठरवली, पेन खिशात ठेवलं.

रूपाताई पाय उशीवर ठेवून पेन्सिलला टोक करत होत्या. मी चेक पुढे केला. त्या म्हणाल्या, हे काय? बहिणीच्या घरी पाय मोडला तर कोणी भावजींकडून पैसे घेतं का? मी म्हटलं, घ्या ताई. त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, घ्या. त्या पुन्हा नको म्हणाल्या.

मी थांबलो.

साध्या भाकरीसाठी मी पाहुण्याला तीन-तीनदा आग्रह करतो, ताटावर हात आडवा धरला तरी वाढतो. भाषणात हेही होतं. आज दोनदा म्हटलं आणि चेक घडी करून खिशात ठेवला. ठेवताना पोटात एकदम हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला लाज वाटते. पायरीची वाटली नव्हती, क्लेमची वाटली नव्हती, पण याची वाटते, आणि ही कंपनीच्या नावावर टाकता येत नाही.

सुनंदा दारात उभी होती. तिने माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.

२८ डिसेंबर, रविवार
रूपाताई गेल्या, भाचा न्यायला आला होता. सुनंदाने बहिणीची भरावी तशी ओटी भरली, साडी दिली. नूरबी रडली. सगळी गल्ली स्टेशनला. वॉकर सरदारभाईने धरला, बॅग भाच्याने. माझ्या हाताला काही आलं नाही. जिन्याचं चित्र त्यांनी मला दिलं.

संकल्प: मनिऑर्डर करावी. ती परत करता येत नाही. (बहुधा येते. चौकशी करतो.)

४ जानेवारी २०२६, रविवार
सकाळी उठलो तर जिन्याला कठडा. सरदारभाई शेवटचा पाईप घासत होता. सुनंदाने सांगितलं होतं. पैसे विचारले. म्हणाला, भाऊ, तुमच्याकडून काय घ्यायचे? मी एकदाच विचारलं.

नवीनचा फोन. खुशीत. रूपाताईंनी ॲप शोधून काढून त्यावर लिहिलंय, पाच तारे: नातेवाइकांकडे राहिल्यासारखं वाटलं. नवीन म्हणाला, बाबा, याने बुकिंग वाढेल.

११ जानेवारी, रविवार
बुकिंग आलं. नाशिकचे दोघे, रिटायर्ड. या वेळी सगळं ठरवून ठेवलं होतं. रजिस्टर आणलं, पावतीपुस्तक आणलं, टेबलावर उघडं ठेवलं. कोणी विचारलं तर छाती काढून सांगायचं: पैसे देणारे पाहुणे आहेत. आता लपवण्यासारखं राहिलंय काय? सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे.

दुपारी साडेचारला रिक्षातून उतरले. सरदारभाईने मशीन बंद केलं. सुपडूआबा ओट्यावर सरसावून बसले. नूरबीने दारातून विचारलं, भाऊ, कोण आलं?

मी घसा साफ केला. म्हटलं, सुनंदाकडचे.

नूरबी म्हणाली, अच्छा अच्छा. आबांनी मान डोलावली. सरदारभाईने मशीन परत चालू केलं. सुनंदा वर खोली झाडून उतरत होती, तिने ऐकलं. वरच्या शेवटच्या पायरीवर थांबली, मग कठड्याला धरून सावकाश खाली आली आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेली.