सुरी काढायची की ओढायची

चाचा, काल मी तुमचं यंत्र पाहिलं. तेच नव्हे, पण कूळ तेच. धाकटी नात पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला लागली आहे, तिनं मला हाताला धरून नेलं आणि स्टुलावर बसवलं. मेणाच्या वडीत कसलासा तुकडा बसवलेला. ती चाक फिरवते, वडी पात्यावरून खाली येते, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्टी सुटते. मी फुंकर मारायला गेले तर ओरडली, "आजी, श्वाससुद्धा जपून घे गं!" मी म्हटलं, "मला काय शिकवतेस? या यंत्राचं पुस्तक आमच्या ओट्यावर इंग्रजीत उतरलंय, आणि त्यातला एक शब्द माझा आहे." पोरगी हसायलाच लागली. मग सगळं सांगितलं तिला. तेव्हापासून अंगात वारं भरल्यासारखं झालंय. सकाळी दुधाचं पातेलं उतू गेलं तरी मी लिहीतच बसले आहे.

तुमच्या शेजारी आम्ही राहायचो, खालापुरात. बाबा न्हावी, तुम्ही बोटीवरचे खलाशी. पहिल्या लढाईत तुमची बोट जर्मनांनी अडवली आणि तुम्हाला चार वर्षं त्यांच्या छावणीत ठेवलं. तिथून तुम्ही तीन गोष्टी आणल्या: कोळशानं आधीच खराब झालेल्या छातीत आणखी खोकला, लोकरीची एक भोकाभोकांची टोपी, आणि जर्मन भाषा. गावात तिचा उपयोग काय? पोरं मागं लागायची, "चाचा, जर्मनमध्ये शिवी द्या ना!" आणि तुम्ही गंभीर तोंड करून त्यांना बटाट्याला काय म्हणतात ते सांगायचात. पोरं तीच शिवी समजून एकमेकांना द्यायची.

मग मुंबईच्या कॉलेजातल्या डॉक्टरांचं पत्र आलं; इंग्रजी आणि जर्मन दोन्ही येणारा खलाशी म्हणून बोटीच्या कचेरीतून त्यांना तुमचं नाव कळलं होतं. पेशी बघायला पातळ काप काढायचं यंत्र त्यांनी मागवलं होतं, बरोबरचं पुस्तक सगळं जर्मन. इंग्रजीत नीट उतरवून दिलंत तर यंत्र सांभाळायला तुम्हालाच ठेवतो, असं लिहिलेलं. नाहीतर महिनाअखेर पुन्हा बोट, पुन्हा भट्टीपुढे कोळसा ओढणं. तुमचा खोकला ऐकून आई म्हणायची, "ह्या खेपेला गेले तर परत येणार नायत गं." मी दहा वर्षांची. तुम्ही ओट्यावर पुस्तक मांडून बसायचात, मी शेजारी पाटी घेऊन. एक ओळ तुम्ही उतरवायची, मग मला एक अक्षर घालून द्यायचं. माझी शाळा तेवढीच. जोडाक्षरांपर्यंत आले होते मी.

ती अक्षरं काय काटेरी! बाभळीची फांदी कागदावर आपटावी तशी. आणि शब्द एकेक गाडीभर लांब. यंत्रात सुरी ज्याच्यावर बसून घसरते त्याचं नाव होतं बर्फावरची बिनचाकाची गाडी. मी विचारलं, "बर्फ म्हंजे काय? आन् चाक नाय तर चालती कशी?" तुम्ही म्हणालात, "अगं, चिखलनीनंतर शेत सपाट करायची फळी बैलांमागं कशी घसरत जाते? तशी. फक्त बैल आमी होतो." आणि त्या गाडीला दोर लावून लाकडं ओढताना शिपाई कसा ओरडायचा ते करून दाखवलंत. "त्सीन! त्सीन!" म्हणजे ओढा, ओढा. मी हसून पाटीवर लोळले होते.

गाडी सुटली, पण शेवटी शेवटी एका ओळीत पुस्तक अडलं. 'प्रत्येक वेळी कापण्याआधी मेसर आपत्सीन.' मेसर म्हणजे सुरी. आणि आपत्सीन म्हणजे छावणीतला शिपाई दारातून घालवताना म्हणायचा ते, चला, निघा इथनं. म्हणजे कापण्याआधी सुरी घालवून द्या? काढून टाका? मग कापायचं कशानं? तुम्ही दोन दिवस टोपी डोक्यावरून काढत होतात, घालत होतात. तिसऱ्या दिवशी 'सुरी काढून ठेवावी' असंच इंग्रजीत लिहिलंत, पाकीट बंद केलंत आणि टपालाला निघालात.

मी अनवाणी धावले. "चाचाऽ, थांबा! टाकू नका!"

"काय गं? घरी कोन आजारी हाय?"

"त्सीन म्हंजे ओढ ना?"

"हां."

"मग बाबा काय करतात? दर गिऱ्हाइकाआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढतात. काढून कशाला ठेवतील? हजामत काय बोटानं करायची?"

तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे. बैलगाडीवाला शिव्या देऊन बाजूनं गेला. मग एवढे हसलात, एवढे खोकलात, की मलाच भीती वाटली. तसेच बाबांच्या पुढ्यात येऊन बसलात. बाबा म्हणाले, "भाई, इतकी वर्सं माझ्याकडं बसता, माझ्या हाताकडं कदी बघितलं नाय व्हय?"

"डोळे मिटून बसतो रं. तुझ्या वस्तऱ्याची भीती वाटते."

इंग्रजी शब्दही बाबांनीच दिला. खंडाळ्याच्या बंगल्यांवर ते साहेबांच्या दाढ्या करायला जायचे. "त्या पट्ट्याला साहेब स्ट्रॉप म्हनतो."

"जा रं! स्ट्रॉप म्हंजे दोराचं कडं. बोटीवर सामान उचलायचं."

"मग तुमच्या डाक्टरला दोरावर घासू द्या सुरी!"

शेवटी तुम्ही स्ट्रॉपच लिहिलंत, आणि पंधरा दिवसांत डॉक्टरांचं 'या' असं पत्र आलं. तुम्ही बोटीवर गेला नाहीत. मुंबईत यंत्रापाशी पुष्कळ वर्षं काढलीत, तुमची छातीही त्या मानानं पुष्कळ टिकली. आणि गंमत ऐका! काल मी नातीला विचारलं, "पट्टा कुठाय तुझा?" ती म्हणते, "कसला पट्टा? आता पातं बोथट झालं की काढायचं, टाकायचं, नवीन लावायचं." म्हणजे चाचा, तुम्ही लिहिलेलं चूक वाक्य आता बरोबर झालं! मी तिथंच टाळी वाजवली. शेजारचे डॉक्टर वळून बघायला लागले.

आता एक राहिलंय. तो शब्द मला रस्त्यावर सुचला नव्हता. तुम्ही अडलात त्याच दिवशी बाबांना गरम पाणी नेऊन दिलं, त्यांचा हात पट्ट्यावर मागंपुढं होताना बघितला, आणि मला कळलं. मी गप्प बसले. पुस्तक अडलं की तुम्ही ओट्यावरच बसणार आणि मला अक्षरं घालून देणार, एवढाच माझा हिशेब. बोटीचं आणि तुमच्या खोकल्याचं मी विसरले होते, असं इतकी वर्षं मनाला सांगत आले. विसरले नव्हते चाचा. पाकीट घेऊन तुम्ही वळणापर्यंत पोचलात तोवर मी ओट्यावर बसूनच होते.

आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात, पोरीला सुचलं आन् सुचल्यासरशी धावत आली. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं लाजली. हे पत्र मी नातीला दाखवणार नाही. तिलाही काल मी सुचल्यासरशी धावले असंच सांगितलंय.