साताऱ्यात कुठं जेवावं

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी साताऱ्याला निघालेले पाहुणे अजून मलाच फोन करतात. सकाळची मिसळ कुठली, मटणाची खानावळ कुठली, संध्याकाळी राजवाड्यापाशी कुठल्या गाडीवर उभं राहायचं. मी इथं सांगलीत बसून सगळं बिनचूक सांगते. पलीकडून हमखास ऐकू येतं, "शेवटी आबांचीच लेक!" तेव्हा माझं तोंड कडू होतं.

पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून तुम्ही गावभर खात हिंडलात. हॉटेलांचे मालक गल्ल्यावरून उठून तुम्हाला हात जोडायचे. पोह्याच्या बशीलाही तुम्ही तिथं मनापासून दाद द्यायचा. घरात आईनं केलेल्या कालवणाला कधी दिलीत? भाकरी जाड झाली की ताट सरकवायचं आणि चपला घालून बाहेर पडायचं. एवढं खाणं माहीत असलेल्या माणसानं बायकोला एकदाही सोबत नेलं नाही.

नेलंत ते एकदाच, मला बघायला कराडची माणसं आली तेव्हा. त्यांच्यावर छाप पाडायला तुम्ही सगळ्यांना वरच्या मजल्यावरच्या फॅमिली रूममध्ये घेऊन गेलात. आई टेबलाच्या कडेला बसलीय, लग्नातलं लुगडं नेसून, पदर दोन्ही हातांत धरून. वेटरनं वयाचा मान म्हणून आधी तिलाच विचारलं, "मावशी, काय आणू?" ती हळूच म्हणाली, "मला डोसा." तुम्ही मोठ्यानं हसलात. "हिला कशाला इचारतोस रं? हिला हाटेलातलं काय कळतंय? घरात आमचं उरलेलं खाती, हितंबी खाईल." पाहुणे हसले. ज्याच्याशी माझं लग्न ठरायचं होतं, तोही हसला. आई खाली बघत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मला भूकच न्हाई."

मी वेटरला म्हणाले, "दोन डोसे आणा. एक आईला, एक मला. आणि या पाहुण्यांना सांगा, मला हे स्थळ पसंत नाही." तुम्ही दात आवळून म्हणालात, "घरला चल, मंग बघतो."

घरी तुम्ही मला बोटही लावलं नाहीत. शिक्षा आईला दिलीत. "पोरीला हेच शिकिवलंस व्हय?" म्हणालात आणि त्या दिवसापासून घरचं अन्न सोडलंत. कित्येक महिने बाहेरून जेवून यायचा, दारातच ढेकर द्यायचा. आई रोज तुमचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि तुम्ही आल्यावरही त्यापाशी उपाशी बसायची. सकाळी ते ताट शेजारच्या गाईला जायचं. मी ओरडायचे, "आई, तू जेवून घे गं!" ती म्हणायची, "आवाज नको करू, त्यास्नी ऐकू जाईल." तुम्हाला ऐकू जात होतं, आबा. बाहेरच्या खोलीत खाट होती तुमची.

तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा लोक म्हणाले, इच्छा राहिली असेल. मला राग आला. कसली इच्छा राहणार? सगळं तर खाऊन झालं होतं.

आता आई माझ्याकडे असते. परवा तिला तिच्या जुन्या डॉक्टरांना डोळे दाखवायला साताऱ्याला नेलं, दुपारी त्याच हॉटेलात घेऊन गेले. तिनं डोसा मागवला, अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "ह्यापरीस माझं घावन बरं लागतंय." मला हसू आलं. ती पुढं म्हणाली, "पर हे हाटेल त्यांनी बराबर निवडलं हुतं. त्यांला खायाची पारख लय." मी पाण्याचा ग्लास आपटला. "आई, त्यांनी तुला उपाशी ठेवलं!" तिनं शांतपणे चटणी पुढं सरकवली. "आगं, त्ये बाहीर जेवून आलं तरी रातच्याला उठून झाकल्यालं ताट उघडून बघायचं. काय केलं हुतं ते बघायचं आन् परत झाकायचं. तू झोपल्याली असायचीस."

तुम्ही उघडून बघायचा आणि तरी झाकायचा, हे मला जास्तच लागलं. भूक नव्हती म्हणून नव्हे, हट्ट म्हणून. आई मात्र ते एखाद्या देणगीसारखं जपून बसली आहे.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि आईला मी ते वाचून दाखवणार नाही. ती ऐकून घेईल, मान हलवील आणि शेवटी तुमचीच बाजू घेईल. तुम्ही नसतानाही त्या वादात मी हरेन, याची मला भीती वाटते.