वीस ओहम, दोनशेवीस ओहम

मी, हरिश्चंद्र भागोजी शिवलकर, वय त्रेसष्ट, राहणार मांडवी, रत्नागिरी, पूर्वी मुंबई गोदीत वायरमन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो ऐसे जे, माझं डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते म्हातारपणानं नव्हे, आनंदानं! कारण कलम तीनमध्ये येईल.

१. घर, परसातली विहीर व दोन माड पत्नी आनंदीबाई हिचे. विजेच्या बोर्डाशेजारी ओली फडकी वाळत घालू नयेत हे तिला तोंडानं सांगून थकलो, आता लेखी देतो.

२. पक्कड, पेचकस, शिडी आणि व्होल्टमीटर माझी एकुलती मुलगी राही हिचे. बाईमाणूस वायरी ओढते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आपले दिवे तिला न बोलावता पेटवून दाखवावेत.

३. आता खरी गोष्ट. १९३९ साली गोदीत बोटीवरच्या एका दिव्याचा रोध काढायचा होता. मी दिवा पेटवून मोजला: ११० व्होल्ट, अर्धा अँपिअर. भागले तर रोध २२० ओहम, गुणले तर शक्ती ५५ वॅट. माझा जोडीदार भिकाजी मयेकर यानं तोच दिवा न पेटवता, दीड व्होल्टच्या सेलवर मोजला. प्रवाह पंचाहत्तर मिलिअँपिअर, म्हणजे रोध फक्त वीस! मी फोरमनसमोर ओरडलो, "मेल्या, खोटे आकडे लिहितोस?" त्याची वही फाडली. तो नोकरी सोडून गावी आला. पुढे मीही आलो. मधे दोनच घरं, पण अठरा वर्षं बोलणं नाही.

परवा राहीनं आमच्या माजघरातला दिवा आधी सेलवर मोजला, मग मोटारीच्या बॅटरीवर, मग घरच्या विजेवर. रोध चढतच गेला! म्हणाली, "बाबा, तार तापली की रोध वाढतो. भिकाजीकाकांनी थंड तार मोजली, तुम्ही तापलेली. दोन्ही बरोबर."

हातच्या काकणाला आरसा कशाला? मी स्वतः चार वेळा मोजलं आणि लहान पोरासारखा टाळ्या पिटत सुटलो. मग जेवण गेलं नाही. न तपासता मी एका माणसाची रोजी घालवली होती.

४. पितळी कडीचा अँमीटर भिकाजीस द्यावा. माफी मी जिवंतपणीच मागणार. त्यानं दार उघडलं नाही तर हा कागद त्याच्या ओटीवर उभं राहून वाचावा.

सहीआधीची जोड: शेजारच्या गफूर होडेकराहाती भिकाजीला निरोप धाडला. आला हो, आला! कलम तीन दोनदा वाचलं. मी म्हटलं, "चुकलो रे."

"अठरा वर्षं भागाकारच करत होतास काय?" तो म्हणाला. "आणि एकटा अँमीटर घेऊन मी काय चाटू? पोरीला दोन्ही मीटर लागतील."

मी सांगितलं, वकिलांच्या मते ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष घालू नये.

"मग खोड ते कलम. मला साक्ष घालायचीय."

कलम चार रद्द. दोन्ही मीटर राहीचे.

मुक्काम मांडवी, रत्नागिरी. तारीख १७ नोव्हेंबर १९५७.

सही: हरिश्चंद्र भागोजी शिवलकर

समक्ष साक्षी:
गफूर मुसा होडेकर
भिकाजी रामा मयेकर. कलम तीनमधले आकडे तपासले. दोन्ही बरोबर.