माय, तुझी गाठ सोडू का?

माय,

तुला जाऊन तीन महिने झाले. लिहायला बसलं की सगळं कबूल करावं लागेल, म्हणून टाळत होतो. पण आज सकाळी दारातल्या उजवीकडच्या पामाकडे पाहिलं आणि तुला विचारल्याशिवाय हात पुढे होईना.

आठवतं? गावचं, रिठदचं आपलं घर रस्ता रुंदीकरणात गेलं तेव्हा मी भांडीकुंडी भरत होतो आणि तू अंगणातल्या दोन पामांसाठी यंत्रवाल्यावर ओरडत होतीस. "मातीचा गड्डा फुटू देऊ नको रे बाप्पा! मुळं उघडी पडली त मेलं झाड!" रोपवाटिकेत उभा जन्म मजुरी केलेली बाई तू. तुझ्यापुढे कोण बोलणार?

वाशीमला माझ्या दारात ते लावले. तू हिरवं लुगडं फाडलंस आणि पानं वर गोळा करून पट्टीनं बांधलीस. मी खताचं पोतं आणलं, तर माझ्यावरच डाफरलीस. "नव्या जाग्यावर आल्या आल्या झाडाले काही मांगू नाही. पाणी दे अन् गप राह्य."

आणि तुझ्याकडे मी काय काय मागितलं! शेजारणींत बस, विहारात जा, दोन घास जास्त खा, जरा हस. रिठदचं नाव काढलंस की चिडायचो. तू मान हलवायचीस आणि पामांना पाणी घालायला जायचीस. काहून बोलली नाहीस गं? एकदा तरी भांडायचंस! दोन महिन्यांत गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी डावीकडचा पाम पिवळा दिसला. जिवंत आहे का पाहायला मी त्याच्या मधल्या, न उलगडलेल्या पानाची सुरळी ओढली. "सुरळी ओढून पाहू नको, तोच झाडाचा जीव हाय," असं तू बजावलं होतंस. मला धीर धरवला नाही. सुरळी हातात आली, बुडाशी अर्धी काळी, अर्धी पांढरी. सावरला असता का तो? शेवटी शेवटी तुलाही मी असाच हलवून हलवून विचारायचो, बरं वाटतं का, बरं वाटतं का. मला माझीच चीड येते.

उजवीकडचा मात्र जगला, माय. नवं पान आलंय, पण तुझ्या पट्टीत अडकून वाकलंय. "नवं पान निघालं का गाठ सोडजो," म्हणाली होतीस. कळतं मला. पण तुझ्या हातची या घरात तेवढीच एक गाठ उरली आहे.

उद्या सकाळी सोडीन. कापणार नाही, नखांनी उकलीन. मग पाणी घालीन आणि वर्षभर त्या झाडाकडे काही मागणार नाही. तुझ्यासाठीही एवढंच करायला हवं होतं.

तुझा,
राजू